फोनवरून वाढवलेला कळप

पनवेलजवळ करंजाड्यात आमच्या आसपास माण-खटावकडची बरीच बिऱ्हाडं आहेत. पगारातून चार पैसे उरले की गावी मेंढरांत घालायचे आणि भावानं ती वाट्यानं सांभाळायची, ही आमची मुदत ठेव. कळप किती वाढवायचा ते इथं फोनवर ठरतं. गवत मात्र तिकडं उगवतं, जेमतेम पाचशे मिलिमीटर पावसावर.

2018 साली आमच्या घरचा कळप असाच फुगला होता. पाऊस मधेच गेला. ऑक्टोबरअखेर सरकारनं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तोवर जो तो मेंढरं घेऊन बाजारात उभा होता आणि भाव पडले होते. म्हणून सांगतो, गणपतीला गावी गेलात की माळावर स्वतः फिरा. गवत घोट्याच्या वर नसेल तर नर कोकरं आणि दात पडलेल्या मेंढ्या तेव्हाच विका. भाऊ म्हणेल, "बघू की अजून." ऐकू नका.

रानही सगळं एकसारखं नसतं. कुसळी कोवळी आहे तोवर पोटभर चारावी. पिकली की तिचं टोक लोकरीतून थेट कातड्यात शिरतं. कोकराचा ओठ उलटा करून आत रुतलेली कुसळं कुणी चिमट्यानं काढत असेल तर जरा शेजारी बसा, मग कळेल. उतारावरचा पवन्या आणि मारवेल मात्र बी झडेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, राखायचा. तो वर्षानुवर्षं आधीच खाल्ला गेला की तिथं कुसळीच माजते. आमच्या उतारावर तेच झालं. ओढ्याकाठच्या बाभळी उन्हाळ्यात शेंगांसाठी ठेवा. आणि ज्वारी काढलेल्या रानात धाटांना फुटवे आले असतील तर उपाशी कळप आत घालू नका. त्या कोवळ्या फुटव्यात विष असतं, बघता बघता जनावर आडवं होतं.

"घाटाखाली नेऊ" हाही आता भरवशाचा उपाय राहिला नाही. फलटण-बारामतीकडचे धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात, भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात धान्य घेतात. पावसाआधी परततात, कारण दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही. तेवढे महिने त्यांचा माळ विसावतो, खरी हुशारी ती. पण पनवेलभोवती आज खाचरांच्या जागी विमानतळ, रस्ते आणि सिडकोचे प्लॉट. वाडा बसवायचा कुठं?

आणखी एक. पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवतावर आंत्रविषारानं चांगली पोसलेली कोकरंच आधी जातात. लस मे महिन्यातच टोचून घ्या. या महिन्यात नवी मेंढी घ्यायला पैसे पाठवणार असाल, तर आधी लशीचे पाठवा.