लाकडी खोक्यावरचा शिक्का

प्रश्न : आमचं कास्टिंग कोल्हापूरहून जर्मनीला जातं. माल लोखंडाचा, मग खोक्यांना शिक्का कशाला?

उत्तर : धोका लोखंडात नाही, खोक्याच्या लाकडात आहे. कच्च्या लाकडात भुंग्यांच्या अळ्या जिवंत राहून समुद्र ओलांडतात. १९९६मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेला आशियाई लांबशिंगी भुंगा अशाच लाकडातून आल्याचं मानलं जातं. पुढे तिथे हजारो झाडं तोडावी लागली. म्हणून २००२मध्ये ‘आयएसपीएम १५’ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. साल काढलेल्या लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं टिकायला हवं. गाभ्यात, हे महत्त्वाचं. नुसती वरून तापलेली फळी आतली अळी मारत नाही.

ही प्रक्रिया झाल्याची खूण म्हणजे शिक्का. शिक्क्यावर ओंबीचं चिन्ह, भारताचं ‘आयएन’, प्रक्रिया करणाऱ्या केंद्राचा क्रमांक आणि उष्णताप्रक्रियेचं ‘एचटी’ पाहा. तो मान्यताप्राप्त केंद्राकडूनच घ्या, सुताराकडून रंगवून नको. बंदरात माल अडला, तर परतही येतो. मला हा नियम जाचक वाटत नाही. पोखरलेलं जंगल कुठलाही विमा भरून देत नाही.

प्लायवूडला यातून सूट आहे. मात्र प्लायवूडच्या खोक्याला खाली साध्या लाकडाच्या जाड पट्ट्या ठोकल्या, तर त्यांना शिक्का लागेलच.