कंपोस्टमधील क्षार आणि मिरची-वांग्याची खुंटणारी रोपे

मृगाच्या तोंडावर भंडारा जिल्ह्यातील रोपवाटिकांपुढे एकच चिंता उभी राहते: प्रो-ट्रेमध्ये किंवा गादीवाफ्यावर टाकलेले मिरची-वांग्याचे बी विरळ उगवते, अथवा उगवलेल्या रोपांच्या पानांच्या कडा करपून वाढ थांबते आणि माध्यम ओले असूनही रोपे दुपारी माना टाकतात. यालाच सरसकट मर रोग समजून बुरशीनाशकाच्या आळवणीवर आळवणी केली जाते. वास्तविक मर रोगात जमिनीलगतचे खोड पाणचट व मऊ होऊन रोप तेथेच कोलमडते, तर क्षारांच्या इजेत खोड टणक राहते, मुळांची टोके तपकिरी होऊन आखडतात आणि उपमुळे फुटत नाहीत. रोप उपटून मुळे न पाहता औषध विकत घेणे हा निव्वळ अपव्यय आहे.

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यासारखी क्षारता वैनगंगेच्या या खोऱ्यात सहसा आढळत नाही. येथील भरपूर पाऊस विद्राव्य क्षार धुऊन नेतो, आणि त्यामुळेच क्षारांची शंका येथे कोणाच्या मनात येत नाही. रोपवाटिकेतील क्षार जमिनीतून नव्हे, तर खतातून येतात. कोंबडीखतात ते मुळातच जास्त असतात. जनावरांचे मूत्र मुरलेल्या उघड्या उकिरड्यात उन्हाळाभर पाणी उडून जाते व क्षार वरच्या थरात साचतात, आणि नेमका तोच कोरडा, भुसभुशीत थर ट्रे भरण्यासाठी उचलला जातो. किनारपट्टीवरून येणारे न धुतलेले कोकोपीटही तितकेच घातक ठरते. शेडनेटवर प्लास्टिक अंथरलेले असल्यास पावसाचे पाणी आत पोहोचत नाही आणि क्षार जागच्या जागी राहतात.

क्षारांचे प्रमाण विद्युत वाहकतेने, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे त्यातून वीज किती सहज वाहते यावरून, डेसीसायमन प्रति मीटर या एककात मोजतात. वाहकता 4 असलेल्या द्रावणाचा परासरण दाब, म्हणजे क्षारांमुळे पाण्यावर येणारी ओढ, सुमारे 1.4 बार भरतो. तेवढ्या ओढीविरुद्ध बियाला फुगायचे आणि कोवळ्या मुळाला पाणी घ्यायचे असते. मास व हॉफमन यांच्या 1977 च्या वर्गीकरणात संपृक्त मातीच्या अर्कातील वाहकतेची सहनमर्यादा भातासाठी 3.0 व मिरचीसाठी 1.5 दिली आहे; वांग्यासाठी नंतरच्या तक्त्यांत ती अवघी 1.1 आहे. खत नियंत्रण आदेश 1985 शहरी कंपोस्टसाठी 4.0 पर्यंत मुभा देतो, पण ते मोजमाप एक भाग खत व पाच भाग पाणी अशा पातळ द्रावणातले आहे. ट्रेतील ओलसर खतात तेच क्षार कितीतरी घट्ट असतात. शेतात पसरून नांगरटीने मिसळण्यास योग्य ठरलेले खत निव्वळ स्वरूपात ट्रेमध्ये भरता येत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

रोप पिवळे दिसताच युरिया शिंपडण्याची सवय तर सर्वांत घातक आहे. सोडियम नायट्रेटला 100 धरून ठरवलेल्या क्षार निर्देशांकात युरिया 75 च्या आसपास आणि म्युरेट ऑफ पोटॅश 116 च्या आसपास येते. तहानलेल्या मुळाला त्यातून आणखी क्षारच मिळतात. चुलीची राखही उपाय नाही, कारण तिच्यात पालाशयुक्त क्षार असतात. जिप्सम सोडियमयुक्त जमिनीच्या सुधारणेसाठी आहे; खतातील पालाश व क्लोराइड त्याने हटत नाहीत, उलट त्याची स्वतःची विद्राव्यता वाहकतेत भर घालते.

उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे: तळाला निचरा असलेल्या ढिगावर किंवा गोणीत, खताच्या आकारमानाच्या सुमारे तिप्पट गोडे पाणी थांबून थांबून सोडावे, आणि निथळणारे पाणी विहिरीत वा नाल्यात जाऊ देऊ नये. धुण्याने नत्रही जाते, म्हणून खरी पाने आल्यावर नत्राची हलकी फवारणी पुरेशी होते. माध्यमात अशा खताचे प्रमाण एक-चतुर्थांशाहून अधिक नसावे. मोजणीयंत्र नसल्यास मेथीचे दाणे एका कुंडीत खताच्या मिश्रणात व दुसऱ्या कुंडीत साध्या पोयट्याच्या मातीत पेरून आठवडाभराने मुळांची लांबी ताडून पाहावी. मिश्रणातील मुळे आखूड असतील, तर महागडे संकरित बी त्यात टाकू नये. ज्या ट्रेमध्ये इजा आधीच झाली आहे, तेथे दोन दिवस भरपूर पाण्याने धुऊन नवी पांढरी मुळे फुटतात का ते पाहावे. न फुटल्यास नवीन माध्यमात पुन्हा पेरणी करावी.