संगणकाच्या पहारेकऱ्याचा खोटा इशारा

शाळांतून संगणक येऊन आता बरीच वर्षे लोटली. निकालपत्रके, यू-डायस प्लसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी ही कामे त्यावरच करावी लागतात, आणि पुष्कळ शाळांतून असा संगणक एकच असतो. माहिती भरण्याची मुदत संपत आलेली असावी आणि नेमक्या त्याच दिवशी मराठी टंकलेखनाचे नेहमीचे साधन सुरू होऊ नये. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना दिसावी, ‘धोका आढळला, फाइल काढून टाकली आहे.’ अशा वेळी दोन चुका हटकून होतात. कोणी घाबरून सारेच पुसून टाकतो, तर कोणी रागावून अँटिव्हायरसच कायमचा बंद करतो. ह्यांतली दुसरी चूक अधिक महाग पडते. म्हणून खोटा इशारा कसा उद्भवतो व तो पारखावा कसा, ह्याचा येथे विचार केला आहे.

अँटिव्हायरस आपले काम दोन प्रकारांनी करतो. पहिला प्रकार पोलीस पाटलाकडे आलेल्या चोरांच्या वर्णनासारखा आहे. ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी कंपनी रोज पाठविते आणि प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहिली जाते. परंतु नवा चोर यादीत नसतो, म्हणून दुसरा प्रकार वर्तनावरून संशय घेण्याचा. रात्री भिंतीवर चढणारा मनुष्य दिसला की पहारेकरी हाक मारतो. तो मनुष्य कधी चोर असतो, तर कधी तारा जोडायला आलेला वायरमन. खोटे इशारे बहुधा ह्या दुसऱ्या प्रकारात निघतात. पहिल्या प्रकारातही, यादीतले वर्णन ढोबळ असले की भलताच मनुष्य धरला जातो.

मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला हा त्रास थोडा अधिक येण्याचा संभव आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटविणाऱ्या साधनाला कळफलकावरील प्रत्येक कळ मध्येच अडवून वाचावी लागते. संकेतशब्द चोरणारा प्रोग्रामही हेच करतो. दोघांचा हेतू भिन्न, पण हातांची हालचाल एक! त्यातून अशी साधने वापरणारे लोक थोडे, आणि लहान निर्मात्यांच्या फाइलवर पुष्कळदा अंकीय स्वाक्षरी नसते. जगात कोट्यवधी लोक जी फाइल वापरतात तिची ओळख पहारेकऱ्याला पटलेली असते. थोड्यांच्या फाइलकडे तो साशंकतेने पाहतो.

तरीही मोठ्यांची ओळख नेहमी पटते असे मात्र नव्हे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीने पाठविलेल्या यादीत अशी चूक राहिली की, विंडोज एक्सपीतील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइलच विषाणू ठरली. जगभरचे संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होऊ लागले. अमेरिकेतील रुग्णालये व विद्यापीठे अडचणीत आली. १९ सप्टेंबर २०१२ रोजी सोफॉस ह्या कंपनीच्या अँटिव्हायरसने इतरांच्याच नव्हे, तर स्वतःच्याही अद्ययावतीकरणाच्या फाइलींना चोर ठरविले. सप्टेंबर २०२२ मध्ये विंडोजच्या अंगभूत ‘डिफेंडर’ने क्रोम ब्राउझरबद्दल असाच इशारा दिला, मायक्रोसॉफ्टने सुधारित यादी पाठविल्यावर तो थांबला. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष फाइलीमुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवेशपत्रे हाताने लिहून द्यावी लागली, हे वृत्त सर्वांच्या स्मरणात असेल. ती गोष्ट खोट्या इशाऱ्याची नव्हती. तेथे पहारेकरीच अंगावर कोसळला होता. पण रक्षकाच्या चुकीची किंमत केवढी होते, हे तीतून दिसते.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. तीतला मुलगा मुद्दाम खोटे बोलत होता. आपला पहारेकरी खोटे बोलत नाही; त्याची ओळख चुकते, इतकेच. म्हणून त्याची प्रत्येक हाक ऐकावी आणि तपासावी. शाळेच्या संगणकावर खरा लांडगाही येतो, हे विसरून चालणार नाही. पेनड्राइव्ह ह्या शाळेतून त्या शाळेत, झेरॉक्सच्या दुकानातून केंद्रशाळेत फिरत असतो आणि सोबत विषाणू आणतो. पेनड्राइव्हमधले फोल्डर अदृश्य होऊन त्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर तो इशारा खरा समजावा.

इशारा दिसताच कोणतेही बटण दाबण्यापूर्वी फाइलचे नाव, तिची जागा आणि पहारेकऱ्याने दिलेले विषाणूचे नाव नोंदवहीत उतरून घ्यावे. त्या नावात ‘जेनेरिक’, ‘ह्युरिस्टिक’ किंवा ‘सस्पिशियस’ असे शब्द असतील, तर तो निव्वळ संशय असण्याचा संभव अधिक. ठराविक विषाणूचे नाव असेल, तर काळजीचे कारण मोठे. पुसून टाकण्याचा पर्याय निवडू नये, क्वारंटाइनचा निवडावा. त्यात फाइल कोंडून ठेवलेली असते, ती अपाय करू शकत नाही आणि पुढे परतही मिळू शकते.

मग स्वतःला विचारावे की, ही फाइल आली कोठून? निर्मात्याच्या अधिकृत स्थळावरून आपण स्वतः उतरवून घेतली असेल, तर एक गोष्ट. व्हॉट्सॲपच्या गटावर कोणीतरी ‘फार उपयुक्त’ म्हणून पाठविली असेल, तर दुसरी. जो प्रोग्राम बसविताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते, आणि चोरून फुकट केलेल्या प्रोग्रामांबरोबर ती बहुधा असतेच, त्याच्या बाबतीत पहारेकऱ्याचीच बाजू घ्यावी. शिक्षकबंधूंनी तयार केलेल्या, मॅक्रो असलेल्या एक्सेल निकालपत्रकांचेही तसेच. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतील मॅक्रो अडविण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून ऑफिसमध्ये आणले आहे. ह्यात करणाऱ्याविषयी अविश्वास नाही. त्याच्या नावावर पुढे दहा जणांच्या हातांतून आलेली फाइल तीच राहिली आहे काय, एवढाच प्रश्न आहे. ती मूळ करणाऱ्याकडून नव्याने मागवून घ्यावी.

फाइलीवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास स्वाक्षरी केलेल्या प्रोग्रामांत ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग दिसतो. तेथे निर्मात्याचे नाव वाचावे व स्वाक्षरी वैध आहे की नाही ते पाहावे. त्यानंतर व्हायरसटोटल ह्या संकेतस्थळाचा उपयोग करावा. तेथे एकच फाइल अनेक कंपन्यांच्या अँटिव्हायरसांपुढे ठेवली जाते. एकदोघांनीच दोष दिला व इतरांनी नाही, तर इशारा खोटा असण्याची शक्यता मोठी; वीस जणांनी दिला, तर वाद संपला. मात्र अगदी नव्या विषाणूला प्रारंभी थोडेच ओळखतात, म्हणून ह्या मोजणीबरोबर फाइलचे मूळही पाहावे. आणखी एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. तेथे चढविलेली फाइल इतर अभ्यासकांनाही पाहता येते. विद्यार्थ्यांची नावे, आधार क्रमांक वा बँक खाती असलेली कोणतीही फाइल तेथे कदापि चढवू नये. केवळ प्रोग्रामची फाइल चढवावी.

ह्याच सुमारास अँटिव्हायरसची यादी अद्ययावत करून पुन्हा तपासणी करावी. कंपनीने चूक सुधारली असली, तर इशारा आपोआप नाहीसा होतो. पेठ, सुरगाणा ह्यांसारख्या डोंगराळ भागांतील ज्या गावी नेटवर्क अधूनमधूनच मिळते, तेथे सुधारलेली यादी उशिरा पोहोचते व जुनी चूक शाळेत रेंगाळते. तेथील शिक्षकांनी तालुक्याच्या गावी जाताना लॅपटॉप सोबत नेऊन हे काम उरकून घ्यावे.

सर्व बाजूंनी खात्री पटल्यावरच फाइल क्वारंटाइनमधून परत घ्यावी आणि त्या एकाच फाइलीपुरता अपवाद नोंदवावा. सबंध ‘सी’ ड्राइव्ह अपवादात घालणारे महाभागही असतात; त्यांनी दाराला कुलूप लावून भिंतच काढून टाकली, असे म्हणावे लागेल. अँटिव्हायरसच्या कंपनीकडे खोट्या इशाऱ्याची तक्रार करण्याची सोय बहुधा तिच्या संकेतस्थळावर असते, तिचा लाभ घ्यावा. आपल्याकडे प्रचलित असलेला क्विक हील तर पुण्याचाच आहे. कैलास व संजय काटकर ह्या बंधूंनी तो उभा केला. एका शाळेने तक्रार केली व यादी सुधारली, की तेच साधन वापरणाऱ्या इतर शाळांचा त्रास वाचतो.

ही चौकशी चालू असताना काम अडू नये, म्हणून विंडोजमध्ये अंगभूत असलेला मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक भाषेच्या सेटिंगमधून आधीच जोडून ठेवावा. त्याला बाहेरचा प्रोग्राम लागत नाही. सवय व्हायला काही दिवस जातात खरे. ते दिवस मुदतीच्या आठवड्यात न येतील इतक्या लवकर आरंभ करावा. आणि नोंदवहीत उतरून घेतलेली फाइलची व इशाऱ्याची नावे पुढील शिक्षण परिषदेत केंद्रातील इतर शाळांना वाचून दाखवावीत, कारण तेच साधन पुष्कळ ठिकाणी बसविलेले असते.