लाइट गेल्यावर काय, हे आधी ठरव

अरे, सहा बाय दोन बाय दोन फुटांची प्रवाळटाकी घ्यायची म्हणतोस, तर जरूर घे. दोन फुटी डबक्यापेक्षा मोठी टाकी सांभाळायला सोपी, कारण पाणी जास्त असलं की बिघाड हळू होतो आणि सावरायला वेळ मिळतो. पण दुकानात जाऊन दिवे आणि मासे बघत बसण्याआधी एका गोष्टीचा निकाल लाव. मे महिन्यातली दुपार आहे, तुम्ही दोघं ऑफिसात, आणि बावधनला चार तास लाइट नाही. त्या चार तासांत टाकीचं काय होणार? रोजच्या देखभालीत एखाद-दुसरं काम राहिलं म्हणून टाकी क्वचितच जाते, ती जाते अशा दुपारी. म्हणून तुझी आत्या आता जे सांगणार आहे, ते सगळं त्या दुपारचा विचार करून सांगणार आहे.

त्याआधी वजन. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे 24 घनफूट, 680 लिटर. खारं पाणी गोड्यापेक्षा जड, तेव्हा नुसतं पाणीच 700 किलोच्या घरात. बारा मिलिमीटरच्या काचेचे सव्वाशे किलो, दगड, स्टँड, खालची संपची टाकी असं धरलंस की एक टन सहज होतो, आणि तो उभा असतो जेमतेम 12 चौरस फुटांवर. आपल्याकडे राहत्या घराचा स्लॅब आयएस 875 प्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून काढतात. म्हणजे टाकी कुठे ठेवायची हे सोफ्याकडे बघून ठरवायचं नाही. बिल्डिंगचं ड्रॉइंग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखव, बीम कुठून जातो ते विचार आणि टाकी त्या भिंतीलगत, बीमच्या अंगाने ठेव. हॉलच्या मधोमध नको. बाहेर काढलेल्या बाल्कनीत तर मुळीच नको. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन पडणारी जागाही टाळ. स्टँड स्पिरिट लेव्हल लावून बसव, वर थर्मोकोलची शीट घाल आणि मग काच ठेव. स्टँडला पीळ असला की काचेचा जोड आज नाही, दोन वर्षांनी उघडतो. मीठ घालण्याआधी साधं पाणी भरून आठवडाभर तशीच उभी ठेव आणि रोज सकाळी खालच्या कडेवरून कोरडा टिश्यू फिरव.

आता टाकीत काय ठेवायचं. व्हिडिओत दिसतात ती फांद्याफांद्यांची रंगीत कठीण प्रवाळं परदेशातल्या टाक्यांमधली असतात. आपल्याकडे 2001 पासून सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्री घोडे आणि समुद्रकाकड्याही. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. मेलेला सांगाडासुद्धा घरात ठेवायचा नाही. दुकानदार म्हणेल, ‘दादा, हे इंडोनेशियाचं आहे, चालतं.’ त्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी जिवंत प्राण्यांचीही नोंदणी करावी लागते.

आणि मला यात नुसता कायदा दिसत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली आपलीच प्रवाळं आहेत, मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये झालं ते उगाच नव्हे. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, तीही प्रवाळांची. एक बोटभर वाढायला वर्षं लागलेला जीव छिन्नीने फोडून आपल्या हॉलमध्ये आणायचा, हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही. मऊ प्रवाळांची टाकी कर. लेदर, मशरूम, स्टार पॉलिप, झोअँथस. वाऱ्यावर शेत डुलावं तशी ती प्रवाहात डुलतात, आणि पहिल्या टाकीला कठीणपेक्षा कितीतरी सोशिक. दगडही ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातून काढलेला घेऊ नकोस, तो प्रवाळाचाच सांगाडा असतो. माणसाने बनवलेले कोरडे सच्छिद्र दगड मिळतात, ते घे. त्यांच्यात जिवाणू वसायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढा दे.

आता ती दुपार. लाइट गेल्यावर पहिली गोष्ट घडते ती संपमध्ये. खालचं पाणी वर ढकलणारा पंप थांबतो आणि पाइपातलं, ओव्हरफ्लोमधलं पाणी उलटं खाली उतरतं. संपमध्ये तेवढी रिकामी जागा नसेल तर ते तुझ्या लाकडी फ्लोअरिंगवर येणार आणि मग खालच्या मजल्यावर. टाकी लावली त्याच दिवशी पंपाचा प्लग काढ आणि संपपाशी खाली बसून बघ. पाणी चढत चढत जिथे थांबेल तिथे काचेवर मार्करने रेघ मार. पंप चालू असताना पाणी किती ठेवायचं, ते त्या रेघेवरून ठरव आणि त्याचीही रेघ मार. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक छोटं भोक असतं. पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. त्या भोकात शेवाळ धरतं, कधी गोगलगाय जाऊन बसते. महिन्यातून एकदा टूथपिक फिरवायची आणि पुन्हा प्लग काढून बघायचं.

दुसरी गोष्ट डोळ्याला दिसत नाही. 25 अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, खाऱ्यात पावणेसातच्या आसपास, आणि पाणी तापलं की आणखी कमी. पाणी हलायचं थांबलं की मासे, प्रवाळं, दगडातले जिवाणू सगळे मिळून तो संपवत जातात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले म्हणजे उशीर झालेला असतो. तेव्हा लाइट गेल्याबरोबर आपोआप सुरू होणारे दोन बॅटरीचे एअरपंप लावून ठेव. दोन, कारण एकाची बॅटरी ऐन वेळी संपलेली निघते. घरच्या इन्व्हर्टरवर चिलर, दिवे, फेसावाटे घाण काढणारा स्किमर काही नको, फक्त पाणी फिरवणारा एक वेव्हमेकर. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर एसी पंप घुमतात आणि तापतात. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असल्याचा मेसेज येतो ना, त्या दिवशी सकाळी माशांना खायलाच घालू नकोस. उपाशी मासा प्राणवायू कमी वापरतो आणि पाणीही घाण करत नाही.

विजेचंच आणखी एक. टाकीच्या सगळ्या जोडण्यांवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घे आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घे, ‘आहे हो’ यावर विश्वास ठेवू नकोस. प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबून मग वर जाऊ दे, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब खालीच टपकतो, प्लगमध्ये शिरत नाही. खाऱ्या पाण्याचं मीठ कुठेही चढतं, प्लगच्या पिनांवर पांढरी बुरशी दिसली की समज.

उष्णता. 25-26 अंश ठेवायचे. पुण्याच्या उन्हाळ्यात चिलर लागेलच, पण तो स्टँडच्या कपाटात कोंडू नकोस; स्वतःचीच गरम हवा ओढून ओढून तो बंद पडेल. पाण्यावर पंखा सोडला तर कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात, म्हणून चिलर बिघडला तर तोच आधार. माझ्याकडे ठाण्याला पावसाळी दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही, तुझ्याकडे होईल. हिवाळ्यात उलट, पहाटे हॉल गार पडतो. तेव्हा 400 वॉटचा एक हीटर घेण्याऐवजी 200 चे दोन घे. एक बंद पडला तर दुसरा सांभाळतो, आणि एक चालूच राहिला तरी एवढ्या पाण्याला उकडू शकत नाही.

पंखा, दिवे, स्किमर मिळून उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा लिटर पाणी उडून जाईल. मीठ उडत नाही. म्हणून भर घालायची ती नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. तीन दिवस भर घातली नाही की क्षारता 35 वरून 36 वर जाते. फ्लोट स्विचवर आपोआप भर घालणारा पंप लाव, मात्र त्याची साठवणीची टाकी 30 लिटरचीच ठेव. स्विच अडकलं तरी तेवढंच पाणी जाईल, त्याने कोणी मरत नाही. शंभर लिटरचा पिंप जोडलास तर मरतील.

पाणी कुठलं? स्वयंपाकघरातल्या आरओचं नको. त्यात चव राहावी म्हणून क्षार परत मिसळतात, टीडीएस मीटर लावलास की कळेल. टाकीला वेगळा आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन, मीटरवर शून्य. उन्हाळ्यात सोसायटीत बोअरवेलचा टँकर येतो, तेव्हा रेझिन लवकर संपतं, एक पिशवी जास्तीची ठेव. गोराईचं किंवा अलिबागचं समुद्राचं पाणी कॅनमधून आणायचा मोह नको, किनाऱ्यालगत त्यात काय काय मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही उतरते. लिटरला 35 ते 38 ग्रॅम तयार मीठ, रात्रभर पंपाने ढवळलेलं, आणि रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून मोजलेलं. साध्या पाण्यावर शून्य जुळवलं की 35 पाशी चूक राहू शकते.

पाणी, दगड, मीठ झालं की चार ते सहा आठवडे मासा नाही. थोडा अमोनिया घालायचा, तो नायट्राइट होतो, मग नायट्रेट. अमोनिया घातल्यावर दिवसभरात तो आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. त्यानंतर तपकिरी पावडर बसेल, मग हिरवं केसाळ शेवाळ. दोन्ही जातात. बाटलीतली औषधं ओतू नकोस, गोगलगायी सोड आणि दिवे आठ तासांच्या वर नेऊ नकोस.

पहिले मासे क्लाउनफिशच घे, पण पाळून वाढवलेले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन केव्हाच जमवलंय, समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण नाही. प्रत्येक मासा आधी वेगळ्या साध्या टाकीत महिना-दीड महिना ठेव. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मोठ्या टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने रिकामी ठेवावी लागते, कारण तांब्याचं औषध त्या टाकीत घालता येत नाही. तांबं प्रवाळ आणि कोळंबीला विष. मँडरिन मासा कितीही देखणा दिसला तरी वर्षभर घेऊ नकोस. तो दगडांवरचे बारीक जीव टिपून जगतो, नव्या टाकीत ते नसतात आणि तो तुझ्यासमोर उपाशी मरतो. मोजायचं काय, तर क्षारता आणि तापमान रोज, अल्कलिनिटी आणि नायट्रेट आठवड्याला. अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच. ती पडायला लागली तर चुन्याची निवळी रात्री थेंबथेंब. पानाचा चुना नाही, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड.

हे मात्र नीट वाच आणि सूनबाईलाही वाचायला दे. झोअँथस आणि विशेषतः त्यांच्या पॅलिथोआ या भाऊबंदांत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, निसर्गातल्या जहाल विषांपैकी एक. त्यांना कापताना, दगडावरून खरवडताना हातात ग्लोव्ह्ज आणि डोळ्याला चष्मा हवाच. तो दगड कधीही उकळायचा नाही, गरम पाणीसुद्धा ओतायचं नाही, प्रेशरच्या पाण्याने धुवायचा नाही. वाफेतून ते श्वासात जातं आणि अख्खं घर दवाखान्यात पोचतं. काढायचा असेल तर तसाच बादलीत टाक आणि मला फोन कर.

घरातल्या इतर गोष्टीही टाकीत पोचतात. स्किमर आणि एअरपंप खोलीतली हवाच पाण्यात मिसळतात. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर आदल्या रात्रीच मला सांग. हॉल वगळायचा, टाकीवर प्लास्टिक, स्किमर आणि एअरपंप बंद, खिडक्या सताड उघड्या. डासांची मशीन हॉलमध्ये लावूच नका, ती औषधं कोळंब्यांना मारतात. गणपती टाकीच्या शेजारी बसवलात तर धूप दुसऱ्या कोपऱ्यात. दिवाळीला रंग काढायचा तर पाण्यावर चालणारा, आणि वास जाईपर्यंत तीच खबरदारी. हात घालण्याआधी साबण, क्रीम, अत्तर काही नको.

आणि गावाला जाल तेव्हा. शेजाऱ्याला डबा देऊन ‘चिमूटभर घाला’ असं सांगू नकोस, प्रत्येकाची चिमूट वेगळी. औषधाच्या पुड्या बांधतात तशा दिवसागणिक पुड्या कर, तारखा घाल, डबा कपाटात कुलपात. मोठे मासे दोन-तीन दिवस खाण्यावाचून राहतात, तेव्हा रोज नाही, एकाआड एक दिवस पुरे. जाण्याच्या आठवड्यात नवा मासा, नवं यंत्र, नवं औषध काही नको. संपच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटव: कुठला प्लग कशाचा, लाइट गेली तर काय सुरू झालं पाहिजे, पाणी कुठल्या रेघेच्या वर जाता कामा नये, आरसीसीबी कुठे. त्याखाली माझा नंबर लिही. रात्री दोनलाही उचलेन.