मोबाईलची तालीम आणि आपला धंदा

व्यापाराच्या पानावर शाळा-अभ्यासाची चर्चा कशाला, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. आपल्या दुकानाचा किंवा कारखान्याचा पुढचा मालक आज मोबाईलवर शिकतो आहे. तो कोणाकडून शिकतो आणि शिकलेले पारखून घेतो की नाही, हा आपल्या गल्ल्याशी संबंध असलेला प्रश्न आहे.

आमच्याच पेढीवरचे उदाहरण देतो. 2025 च्या दिवाळीआधी आमच्या पुतण्याने कराडच्या एका व्यापाऱ्याला 1,800 रुपये नगाचे 40 कुर्ता-सेट पाठवले. माल 72,000 चा. बिलात त्याने 12 टक्के जीएसटी लावला, म्हणजे 8,640 रुपये. वास्तविक 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर 18 टक्के असा दर झाला होता. योग्य कर 3,600 रुपये होता. समोरच्या हिशेबनिसाचा फोन आला, 5,040 रुपयांची क्रेडिट नोट काढावी लागली, आणि वीस वर्षांच्या गिऱ्हाइकासमोर मान खाली घालावी लागली ती वेगळीच.

पुतण्या आळशी नाही. त्याने एका व्हिडिओवरून जीएसटी शिकला होता, आणि शिकवणाऱ्याने शिकवलेही उत्तम होते. फक्त तो व्हिडिओ 2023 चा होता, जेव्हा हजार रुपयांची मर्यादा लागू होती. खात्री म्हणून त्याने एआयला विचारले, तर त्यानेही तीच जुनी मर्यादा सफाईदार भाषेत सांगितली. पूर्वी मुनीमजी चुकले तर अडखळायचे, त्यावरून आपल्याला शंका यायची. हे यंत्र चुकताना अडखळत नाही. नव्या साधनाने शिकणाऱ्याला पहिला धडा हाच द्यायला हवा की, माहितीला तारीख असते, ती आधी पाहावी. कराचा दर असेल तर शेवटी सीबीआयसीच्या संकेतस्थळावरील अधिसूचनाच उघडावी.

याचा अर्थ आम्ही या साधनांच्या विरोधात आहोत असा कोणी घेऊ नये. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. आमची पाठ्यपुस्तके कातिबाच्या हातच्या अक्षरात छापलेली असत, आणि एखादे पुस्तक बाजारात मिळाले नाही तर दोघा भावांत एकावर भागवावे लागे. आज बालभारती आपली पुस्तके उर्दूसह अनेक भाषांत संकेतस्थळावर मोफत देते. 2017 पासून केंद्राचे दीक्षा हे व्यासपीठ आहे, आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की त्या धड्याची चित्रफीत उघडते. या कोडचा प्रयोग शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केला, आणि 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आपल्या मोहल्ल्यातील किती पालकांनी तो कोड एकदा तरी उघडून पाहिला आहे?

उलट आमच्या ओळखीच्या एका शिलाई कारागिराने एका कंपनीच्या माणसाच्या गोड बोलण्यावर मुलासाठी टॅबलेटसह 36,000 रुपयांचा कोर्स घेतला. महिना 2,000 प्रमाणे 18 हप्ते. मुलाने दोन महिन्यांत पाहणे सोडले. हप्ते बंद करायला गेला तेव्हा कळले की, सही केलेला कागद फीचा नव्हता, वित्त कंपनीच्या कर्जाचा होता. कोर्स सोडला तरी कर्ज सुटत नाही. सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे: पैसे कोणाला देणे आहे, त्यात व्याज आहे का, आणि किती दिवसांत परत करता येते? उत्तर तोंडी घेऊ नये, कागदावर घ्यावे.

घरातला फोन कोणाचा?

आता आमची चूक. 2020 च्या टाळेबंदीत आमची मुलगी नववीत होती. घरात इंटरनेटचे फोन दोन, एक आमच्याकडे, एक थोरल्याकडे. दुकाने उघडली तसे दोन्ही फोन दुकानात जाऊ लागले, आणि तिचा वर्ग नेमका सकाळी अकराला. ती रात्री मैत्रिणीच्या वहीवरून उतरवून घ्यायची. बीजगणित कच्चे राहिले ते राहिलेच. आम्हाला तेव्हा व्हॉट्सअॅपवरची ऑर्डर महत्त्वाची वाटली. त्याच काळात सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात बालाजी जाधव या शिक्षकांनी साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल लावून मुलांना गोष्टी सांगून शिकवले. म्हणजे साधन भारी हवेच असे नव्हते. वेळ काढणारा माणूस हवा होता, आणि आमच्या घरी तो नव्हता.

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगावने दुसरे टोक गाठले. मुलांच्या हातून फोन सुटेना, म्हणून 2022 च्या ऑगस्टपासून गावात संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुले वाचायला बसणार, आणि मोठ्यांनीही फोन ठेवायचा. पुरुषांनी आधी हसण्यावारी नेले, बायकांनी मनावर घेतले. सातची वेळ म्हणजे कापड दुकानात गिऱ्हाइकाची वेळ, हे आम्हाला मान्य आहे. पण दुकानातून घरी आल्यावर आपण स्वतः किती वेळ स्क्रीनकडे बघत जेवतो, हे मुले पाहत असतात.

जे व्हिडिओत येत नाही

मिरजेच्या सतारमेकर कारागिरांकडे पाहा. तेथील सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मग मोबाईलवरचा तंबोरा आल्यावर गाणे शिकणाऱ्या अनेकांनी खरा तंबोरा घेणे सोडले, हा त्यांच्या धंद्याला बसलेला फटका आहे. पण जवारी काढणे, म्हणजे घोडीचा पृष्ठभाग घासून तारेचा आवाज हवा तसा खुलवणे, हे काम व्हिडिओवरून येत नाही. ते उस्तादाशेजारी बसून, कान तयार होईपर्यंत करावे लागते. व्हिडिओचा उपयोग वेगळा आहे: वाद्य कसे बनते हे लांबच्या गिऱ्हाइकाला दाखवता येते.

कापडाचेही तसेच. धागा जाळून ओळखणे मोबाईलवर शिकता येते: सुती धागा जळल्या कागदासारखा वास देतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. पण ठोकाची घडी बोटांत धरून वीण दाट की विरळ हे सांगणे आम्ही वडिलांच्या हाताखाली पाच वर्षे गठ्ठे उघडून शिकलो. 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हटले तेव्हा हात आणि पुस्तक वेगळे मानले नव्हते. सुटीत मुलाला दुकानात बसवावे, पण दहावीच्या वर्षी नव्हे.

आमची मुलगी आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या क्रेडिट नोटनंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती दुकानात येते, अधिसूचना पाहते आणि दर व तारीख वहीत लिहून पुतण्याची सही घेते. या कामाचा ती पगार मागते, आणि आम्ही तो देतो.