नित्यलेखन : आत्मशोधाचे साधन



श्रवण, कीर्तन, नामस्मरण आपण नित्य करतो. लेखन मात्र पंडितांचे काम म्हणून बाजूस ठेवतो. ते साधकाचेही काम कसे आहे, ते या पाठात पाहू.

नेवाशास शके १२१२ मध्ये सच्चिदानंदबाबांनी ज्ञानेश्वरी आदराने लिहून घेतली. पुढे नकला होता होता पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ती शुद्ध केली. भागवताच्या एकादश स्कंधावरची त्यांची टीका काशीस शके १४९५ मध्येच पुरी झाली होती. म्हणजे एवढा ग्रंथकर्ता अकरा वर्षांनीही दुसऱ्याच्या ग्रंथापुढे विद्यार्थी होऊन बसला! आणि त्यात आपली ओवी कुणी घालू नये, असेही बजावून गेला. शिकणे कधी संपत नाही, ते असे.

आपल्या बुलढाणे जिल्ह्यातलाच दाखला घ्या. शेगावच्या श्रीगजानन महाराजांनी १९१० साली समाधी घेतली. दासगणूंनी कितीतरी संतचरित्रे आधीच लिहिली होती. तरी ‘श्रीगजानन विजय’ लिहिताना त्यांनी भक्तांपाशी जमलेल्या माहितीचा आधार घेतला. शके १८६१ च्या वर्षप्रतिपदेस, म्हणजे १९३९ साली, एकवीस अध्यायांचा तो ग्रंथ शेगावीच पुरा झाला.

कुणी म्हणेल, “महाराज, आमाले लिवनं कुठी जमते?” तर वऱ्हाडातल्याच गुलाबराव महाराजांकडे (१८८१–१९१५) पाहा. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली, तरी दुसऱ्याकडून लिहवून त्यांनी शंभरावर ग्रंथ सिद्ध केले. हात कुणाचा का असेना, विचार मात्र आपला हवा.

आता यात आत्मशोध कुठला? ‘अहंकार सोडावा’ हे तोंडाने म्हणायला काय लागतं? टाळाच्या भरात ते सहज निघून जातं. पण ‘माझा अहंकार कुठे बसला आहे?’ एवढंच कागदावर लिहायला घ्या. लेखणी अडते. दिंडीत पुढच्या ओळीचा हट्ट आठवतो. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात पडली तेव्हा आतून जे दुखलं, ते आठवतं. ज्या जागी लेखणी अडली, तीच आपल्या अभ्यासाची जागा. दुसऱ्याच्या वहीतून कीर्तनाचे मुद्दे उतरवले, तर ही अडचण येत नाही. आणि म्हणूनच त्यातून काही हातीही लागत नाही.

तेव्हा नियम सोपा ठेवू. हरिपाठ झाल्यावर वहीत एक ओवी उतरावी, खाली आपल्या बोलीत अर्थ लिहावा. अडेल तिथे खूण करून जाणत्यास विचारावं. ज्यांना अक्षर येत नाही, त्यांनी नातवंडाला सांगून लिहवावं. दोघांचाही पाठ होईल. पुढल्या आषाढीस तीच ओवी पुन्हा लिहावी आणि दोन्ही अर्थ शेजारी ठेवून पाहावेत. अर्थ बदलला असेल, तर वही कामी आली. शब्दही बदलला नसेल, तर वारी पायांनीच झाली, एवढं आपलं आपणच ओळखावं.

ही वही कुणाला दाखवायची नाही. ती आपल्यापुरती, आणि विठोबापुरती.