जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवताना: तपासणी, खरेदी आणि निगा

सहा-सात वर्षे वापरलेला लॅपटॉप मंदावला म्हणून लगेच बदलावा लागत नाही. योग्य रॅम बसवली आणि मुंबईच्या दमट हवेत त्याची नीट निगा राखली, तर मुलांचा अभ्यास आणि घरची कामे तो आणखी काही वर्षे निभावतो. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. आधी निदान करावे. नेहमीची कामे चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबावीत. उघडलेल्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ पाहावे. मेमरी सतत ८५-९० टक्क्यांवर असेल, तर रॅम कमी पडते आहे. मेमरी निम्मी मोकळी असूनही डिस्क १०० टक्के दाखवत असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. तिथे रॅम वाढवून फरक पडणार नाही.

२. रॅमचा प्रकार नोंदवावा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. डीडीआर३एल हा १.३५ व्होल्टवर चालणारा प्रकार आहे. तो लागणाऱ्या लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ घालू नये. किती स्लॉट आहेत आणि जास्तीत जास्त किती रॅम चालते, हे कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांकावरून पाहावे. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असते. तिथे मोकळा स्लॉट नसेल, तर ती वाढवता येत नाही.

३. बॅकअप घ्यावा. लॅपटॉप उघडण्यापूर्वी कागदपत्रे आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत.

४. मग खरेदीला निघावे. लॅमिंग्टन रोडचा, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाचा, बाजार ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला आहे. गिरगावातून तो चालत गाठता येतो. दादरहून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी घ्यावी. परळ-लालबागकरांना प्रभादेवी स्थानक सोयीचे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. घरगुती वापराला एकूण ८ जीबी सहसा पुरते. दोन-तीन दुकानांत भाव विचारावा, जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि वॉरंटीसाठी त्यावर रॅमचा सिरियल नंबर लिहून घ्यावा.

५. रॅम बसवावी. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. झाकण उघडल्यावर बॅटरीची जोडणी सोडवावी. अंगातील स्थिर वीज निघून जावी म्हणून धातूच्या वस्तूला हात लावावा. रॅम कडांनी धरून, खाच जुळवून, साधारण ३० अंशांच्या कोनात सरकवावी आणि दोन्ही क्लिपा लागेपर्यंत हलकेच खाली दाबावी. सराव नसेल, तर हे काम दुकानात आपल्यासमोर करून घ्यावे.

६. चाचणी घ्यावी. वाढलेली रॅम टास्क मॅनेजरमध्ये दिसते का, ते पाहावे. त्यानंतर ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवावे. दोष आढळला, तर बिल घेऊन लगेच दुकान गाठावे.

७. धूळ आणि दमटपणा आवरावा. समुद्राची खारी हवा आणि बांधकामांची धूळ पंख्यात साचली, की लॅपटॉप तापतो आणि प्रोसेसर आपला वेग कमी करतो. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, पंखा साफ करून घ्यावा. हवेचा झोत मारताना पाती धरून ठेवावीत. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप, सुकली असल्यास बदलावी. वातानुकूलित जागेतून दमट खोलीत आणलेला लॅपटॉप अर्धा तास तसाच राहू द्यावा आणि मग सुरू करावा.

८. बॅटरीवर लक्ष ठेवावे. टचपॅड वर आला किंवा झाकण नीट बसेनासे झाले, तर बॅटरी फुगलेली असू शकते. वापर त्वरित थांबवावा. ती दाबू नये, टोचू नये, कचऱ्यातही टाकू नये. सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

९. प्रणाली अद्ययावत ठेवावी. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. लॅपटॉप त्यात बसत नसेल, तर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली वापरता येते. आधार संपलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार टाळावेत.

१०. कुठे थांबायचे ते ठरवावे. मदरबोर्ड बिघडला आणि दुरुस्तीचा आकडा चांगल्या वापरलेल्या लॅपटॉपच्या किमतीजवळ गेला, तर आणखी खर्च करू नये. मात्र एसएसडी काढून घ्यावी. बाहेरच्या केसमध्ये बसवली, की ती नव्या लॅपटॉपच्या बॅकअपसाठी वापरता येते.